राजपुत्राचा चेहरा

१० सप्टेंबर २०२० रोजी युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या गेमच्या रिमेकचा ट्रेलर दाखवला आणि तो पुरता संपायच्या आत इंटरनेटवर निकाल लागून गेला. राजपुत्राच्या चेहऱ्यात जीव नाही. ऐन विशीतला पोरगा चाळिशीकडे झुकलेला दिसतोय. तलवारी एकमेकींवर आदळतात, पण घाव बसल्यासारखा वाटत नाही. २००३ च्या मूळ गेममधलं दृश्य डावीकडे आणि नवं उजवीकडे अशी जोडचित्रं फिरू लागली, आणि त्यात बहुतेक वेळा डावीकडचंच उजवं ठरत होतं.

मग लोकांचं लक्ष ट्रेलरसोबतच्या माहितीकडे गेलं. रिमेक पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंत तयार होत होता. एवढ्या मोठ्या प्रतीचा, गेमवाल्यांच्या बोलीत ‘ट्रिपल ए’, प्रकल्प भारतीय स्टुडिओंच्या नेतृत्वाखाली कंपनी पहिल्यांदाच करत होती आणि तसं तिने अभिमानाने सांगितलंही होतं. प्रसिद्धिपत्रकातली ही शोभेची ओळ चर्चेत आरोपपत्राचं पहिलं कलम झाली. ‘अच्छा, म्हणून असं!’ एवढ्यात अनेकांना कारण सापडलं. त्यात निव्वळ वर्णद्वेषी शेरेही होते. पण जास्त बोचणारे होते ते सभ्य भाषेतले, समजूतदार सुरातले शेरे: एवढं मोठं काम त्यांच्याकडे द्यायलाच नको होतं.

गेम खेळणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या भांडणांबद्दल बाहेरच्या माणसाचं मत ठरलेलं असतं: रिकामटेकडी पोरं, दुसरं काय. मी ही भांडणं बरीच वर्षं वाचतो आहे आणि मला तसं वाटत नाही. या लोकांची नजर भलतीच तिखट असते. सावली चुकीच्या बाजूला पडली, पायऱ्या चढताना पाऊल पायरीच्या बोटभर वर टेकलं, तर ते यांना आधी दिसतं. अडचण पुढे आहे. हे असं का झालं, हेही त्यांना जाणून घ्यायचं असतं आणि ते कुणीच सांगत नाही. हा धंदा कमालीचा बंद दाराआडचा. इथे साधा टेस्टरसुद्धा गोपनीयतेच्या करारावर सही करून कामाला बसतो. मग जे पहिलं नाव हाती लागतं त्याच्या डोक्यावर खापर फुटतं. त्या सप्टेंबरात ते नाव पुण्याचं होतं.

एका काल्पनिक इराणी राजपुत्रासाठी लोक एवढे का पेटले, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने येल विद्यापीठातून बाहेर पडल्यावर चार वर्षं खपून १९८९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी पहिला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ बनवला. धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला, उड्या मारायला, कठड्याला लोंबकळायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यातली एकेक चौकट उतरवून घेऊन राजपुत्राच्या हालचाली तयार केल्या. संगीत वडिलांचं. मेमरी एवढी तोकडी, की शत्रूचं वेगळं चित्र बसवायला जागाच उरली नव्हती. तेव्हा राजपुत्राच्याच चित्रावर गणिती करामत करून त्याची एक सावली काढली. आरशातून उडी मारली की ही सावली बाहेर पडते आणि पुढे आपल्यालाच आडवी येते. टंचाईतून निघालेली ही युक्ती त्या गेममधली सगळ्यात लक्षात राहणारी गोष्ट ठरली. ॲपल टू तोवर जुना झाला होता, त्यामुळे गेम आधी फारसा खपला नाही. डॉसवर आला आणि जगभर गेला.

आपल्याकडे तो फ्लॉपीवरून आला. रीतसर पैसे मोजून घेतलेला ‘प्रिन्स’ मी कुणाकडे पाहिला नाही. कॉम्प्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेले की, ऑफिसात साहेब मीटिंगला गेले की, काळ्या पडद्यावर ‘प्रिन्स’ टाइप व्हायचं आणि जाणकार त्यापुढे ‘मेगाहिट’ असा शब्द जोडायचे. तो जोडला की शिफ्ट आणि एल दाबून पातळ्या ओलांडता यायच्या. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं, नाहीतर वजीर जाफरमुळे तिला कायमचं गमवावं लागतं, ही कथा क्वचितच कुणी नीट वाचली असेल. वाद मात्र तेव्हाही होते. हाडांच्या सापळ्याला मारता येतं की खालीच ढकलावं लागतं, सहाव्या पातळीवरच्या ढेरपोट्या पहारेकऱ्याला कसं गाठायचं. हे वाद तोंडी व्हायचे, त्यामुळे ते कुठे उरले नाहीत, एवढाच फरक.

चाहते म्हणजे नुसते तक्रारखोर, असा समज होऊ नये म्हणून इथेच सांगतो. हा डॉसवरचा गेम चाहत्यांनी आतून उकलून, त्याचं सगळं यंत्र समजून घेऊन, आजच्या संगणकांवर चालेल असा पुन्हा लिहिला आहे. ‘एसडीएलपॉप’ या नावाने तो फुकट मिळतो. नव्या पातळ्या रचायची साधनंही त्यांनीच केली. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉप्या सापडल्या, तेव्हा त्यांतला मूळ प्रोग्राम वाचून काढायलाही जुन्या संगणकांचे असेच वेडे मदतीला आले, आणि मेकनरने तो सगळ्यांसाठी खुला केला.

‘सँड्स ऑफ टाइम’ हा या राजपुत्राचा दुसरा जन्म. २००३ मध्ये युबीसॉफ्टच्या कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओने तो केला, दिग्दर्शन पात्रिस देझिले यांचं, लेखन मेकनरचं. त्याची कथा सुरू होते भारतात. इराणचा राजा शारामन वाटेत एका महाराजाचा राजवाडा लुटतो, फितूर वजीर दार उघडून देतो, राजपुत्र काळाचा खंजीर पटकावतो आणि महाराजाची मुलगी कैद होते. तिचं नाव फराह. हिंदुस्थानी महाराजाच्या मुलीचं नाव फराह कसं, हा प्रश्न माँट्रियलमध्ये कुणाला पडला नसावा. पुढे ती आणि राजपुत्र एकमेकांवर खेकसत, संशय घेत, हळूहळू जवळ येत जातात आणि त्यांचं ते बोलणं खेळ चालू असतानाच कानावर पडत राहतं. खंजिराचा उपयोग असा, की उडी चुकली तर काळ काही क्षण मागे नेता येतो. सगळी गोष्ट राजपुत्र स्वतः सांगतो आहे अशी रचना असल्यामुळे खेळाडू मेला, की सांगणाराच आपली चूक दुरुस्त करून पुन्हा सुरू करतो. मरण म्हणजे सांगण्यातली चूक! इतकी देखणी कल्पना गेममध्ये फार वेळा आलेली नाही.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर मिळणाऱ्या सीड्यांवरून हा गेम महाराष्ट्रभर पोचला. बऱ्याच घरांतल्या संगणकांत तो पेलेल असं ग्राफिक्स कार्ड नव्हतं, म्हणून सायबर कॅफेत तासावर पैसे भरून खेळणारेही होते. त्या गेमला एक धूसर, सोनेरी प्रकाश होता. उजेडाच्या कडा बाजूच्या रंगांत झिरपत. तेव्हाच्या यंत्रांवर चेहरे ओबडधोबडच निघायचे, पण या धुक्याने ते झाकले जात आणि राजवाडा स्वप्नातला वाटे. लोकांच्या आठवणीत राहिला तो हा प्रकाश. रिमेकमध्ये कातडीवरची छिद्रं आली, कापडाची वीण आली, सगळं लख्ख झालं, आणि धुकं गेलं. आठवणीतला गेम मूळ गेमपेक्षा सुंदर असतो हे खरं, पण इथे लोक नुसते भावुक होऊन बोलत नव्हते. जे गेलं ते खरोखरच गेलं होतं.

तो सप्टेंबरही साधा नव्हता. ३० ऑगस्टला पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये भारतीय विषयांवरचे गेम बनवा असं आवाहन केलं. २ सप्टेंबरला सरकारने पबजी मोबाइलसह शंभरावर चिनी ॲपवर बंदी घातली. लाखो पोरांची रात्रीची बैठकच मोडली. दोनच दिवसांत अक्षय कुमारने ‘फौजी’ या देशी गेमची घोषणा केली. त्यानंतर आठवडाभरात हा ट्रेलर. आत्मनिर्भरतेचा सूर असा टिपेला असताना ‘पुण्यात बनलेला राजपुत्र’ जगापुढे आला आणि जग हसलं. भारतीय गेमरांमध्ये त्यावरून जी जुंपली, ती मला परदेशी टवाळीपेक्षा जास्त बोलकी वाटली. काहींना लाज वाटत होती आणि ती लपवायला ते परदेशी लोकांपेक्षा मोठ्याने हसत होते. काही जण आपल्या पोरांनी केलंय म्हणून सावरून घेत होते, आणि त्या सावरण्यात ‘आपल्याकडून एवढंच होणार’ ही कबुली दडलेली होती. लॉकडाउनमध्ये घरी बसून, एवढा पसारा सांभाळत काम करणं म्हणजे काय, याची आठवण करून देणारे तिसरे होते. ते थोडे होते आणि त्यांना फार कुणी विचारत नव्हतं.

गंमत म्हणजे याच पुण्याचा एक गेम तीनच आठवड्यांपूर्वी जगभर वाखाणला गेला होता. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ १८ ऑगस्टला निन्टेन्डो स्विचवर आला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, हातात दुर्गेचा त्रिशूळ, राजस्थानी महाल, कथा पुढे नेणारी सावल्यांची बाहुलीनाट्यं. त्यासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचा प्रयत्न २०१७ मध्ये फसला होता, तरी त्यांनी तो पुरा केला. मारामारी कंटाळवाणी आहे आणि गेम लवकर संपतो, असं समीक्षक म्हणाले. पण त्याच्या दिसण्याला नावं ठेवणारा विरळाच. वर्षअखेरीस ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पारितोषिकासाठी त्याला नामांकनही मिळालं. राजी भिंतीवरून आडवी धावते, खांबांवरून झेपावते. या चाली कुठून आल्या? ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’वरून, आणि करणाऱ्यांनी ते कधी लपवलं नाही. पुण्याला राजपुत्र कळत नाही, असं म्हणणाऱ्यांपुढे हा पुरावा होता. चर्चेत तो क्वचितच कुणी मांडला.

मग रिमेक का फसला? आतली हकिकत बाहेर आलेली नाही, म्हणून जे उघड्यावर आहे तेवढंच धरून बोलू. पहिलं म्हणजे किंमत. युबीसॉफ्टने रिमेकची किंमत ४० डॉलर लावली होती. तेव्हा मोठा गेम ६० डॉलरला मिळे. दोनच महिन्यांनी सोनीने ‘डीमन्स सोल्स’चा रिमेक ७० डॉलरला विकला. म्हणजे कंपनीच्या हिशेबात हा आधीपासूनच मधल्या खर्चाचा प्रकल्प होता, आणि लोक मात्र त्याची तुलना त्या सत्तर डॉलरच्या कामाशी, ‘रेसिडेंट ईव्हिल २’शी, ‘फायनल फँटसी ७’शी करत होते. रिमेक या शब्दाचा भाव त्या दोन वर्षांत एवढा चढला होता, की मधलं काही चालेनासं झालं होतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘डीमन्स सोल्स’ करणारा टेक्ससचा ब्लूपॉइंट स्टुडिओ २००९ पासून जुने गेम नव्या यंत्रांवर आणायचंच काम करत होता. आधी नुसती सफाई, मग थोडी डागडुजी, मग २०१८ मध्ये ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ची संपूर्ण नवी बांधणी, आणि त्यानंतर हे. चढायला एकेक पायरी मिळाली. पुण्याचा स्टुडिओ युबीसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्ट या घरातल्याच दुसऱ्या कंपनीकडून घेतला. तिथल्या वाट्याला वर्षानुवर्षं आलं ते टेस्टिंग, एका यंत्रावरचा गेम दुसऱ्यावर उतरवणं, ‘जस्ट डान्स’सारख्या मालिकांना हातभार. मुंबईचा स्टुडिओ तर २०१८ चा, ट्रेलर आला तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा. वर्षानुवर्षं ज्यांना पंगतीत वाढायला लावलं त्यांना एकदम आचारी केलं, आणि तेही अशा लग्नात जिथे प्रत्येक पाहुण्याला आजीच्या हातची चव आठवते आहे. यात चूक वाढप्याची म्हणायची की यजमानाची?

सिंगापूरकडे पाहिलं की हा प्रश्न आणखी टोकदार होतो. युबीसॉफ्टच्या सिंगापूर स्टुडिओनेही बरीच वर्षं दुसऱ्यांच्या गेममधला भाग केला, विशेषतः समुद्र आणि जहाजं, आणि मग त्याला स्वतःचा ‘स्कल अँड बोन्स’ मिळाला. २०१७ मध्ये घोषणा, फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रकाशन, मध्ये पुढे ढकललेल्या तारखांची रांग. कंपनीचे प्रमुख ईव्ह गिलेमो त्याला ‘क्वाड्रुपल ए’ म्हणाले आणि लोकांनी त्या चार ‘ए’ची जी रेवडी उडवली ती अजून थांबलेली नाही. दोन्हीकडे कच्चा धागा एकच दिसतो: जगभर पसरलेल्या हातांना काम वाटून द्यायचं, पण त्यांना कसदार करण्यात पैसा आणि काळ घालायचा नाही. चाहत्यांना हा धागा सापडला नाही, असं नाही. तो मांडणारे लोक चर्चेत होते. पण चेहऱ्याचं मीम जेवढ्या वेगाने धावतं, तेवढ्या वेगाने कंपनीचा कारभार धावत नाही.

चेहऱ्यावरून पेटलेल्या दोन गोष्टी आधी घडून गेल्या होत्या. एप्रिल २०१९ मध्ये ‘सॉनिक’ चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये त्या निळ्या प्राण्याला माणसासारखे दात दिसले आणि जग किंचाळलं. काही दिवसांतच दिग्दर्शकाने चेहरा बदलायचं कबूल केलं, चित्रपट तीन महिने पुढे गेला आणि चालला. चाहत्यांच्या विजयाचं उदाहरण म्हणून ही गोष्ट सतत सांगतात. नव्या चेहऱ्यावर काम केलेला एमपीसी या व्हिज्युअल इफेक्ट्स कंपनीचा व्हँकुव्हर स्टुडिओ चित्रपट लागायच्या आत, डिसेंबर २०१९ मध्ये, बंद झाला. हे कुणी सांगत नाही. बंद होण्याची कारणं धंद्यातली होती, चेहऱ्याशी त्याचा संबंध जोडायचं कारण नाही. पण विजयाच्या कथेत ती माणसं कुठेच नसतात, एवढं खरं.

दुसरी गोष्ट प्रिन्सच्या ट्रेलरआधी दीडच महिन्याची. २३ जुलै २०२० ला मायक्रोसॉफ्टने ‘हेलो इन्फिनिट’ दाखवला. त्यातल्या एका राक्षसाचा भावशून्य चेहरा पाहून लोकांनी त्याचं बारसं ‘क्रेग’ असं केलं आणि त्याची चित्रं जगभर फिरली. कंपनीने गेम पुढे ढकलला, त्याच स्टुडिओला वर्षभर जास्त दिलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो आला. टीका तीच, वर्ष तेच. अमेरिकन स्टुडिओचा नमुना फसला तेव्हा चर्चा झाली ती महासाथीची, नव्या यंत्राच्या घाईची, व्यवस्थापनाची. क्रेगच्या चेहऱ्यावरून, तो स्टुडिओ जिथे होता त्या वॉशिंग्टन राज्याच्या लायकीबद्दल कुणी बोललं नाही.

प्रिन्सची तारीख २१ जानेवारी २०२१ ठरली होती. ती १८ मार्चवर गेली, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये युबीसॉफ्टने काम पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियलकडे दिलं. पुणे-मुंबईने केलेल्या कामावरच पुढचं उभं राहील, असं निवेदनात सौजन्याने म्हटलं होतं. चाहत्यांनी टाळ्या वाजवल्या: राजपुत्र माहेरी गेला. पुढच्या वर्षी माँट्रियलच्या चमूने सांगितलं, की गेम अजून संकल्पनेच्या टप्प्यावर आहे. आगाऊ नोंदणीचे पैसे परत झाले होतेच. मग जून २०२४ मध्ये एक मेणबत्ती, तिची हलणारी ज्योत आणि २०२६ हा आकडा एवढंच दाखवलं गेलं. त्या ज्योतीवर लोकांनी पानंच्या पानं लिहिली.

मधल्या काळात आणखी एक नवल झालं. युबीसॉफ्टच्याच फ्रान्समधल्या माँपेलिए स्टुडिओने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन’ केला. २०२३ च्या जूनमध्ये त्याचा ट्रेलर आला तेव्हाही आरडाओरडा झाला: पार्श्वसंगीत हिप-हॉपसारखं काय, नायक राजपुत्रच नाही, हे काय चाललंय? जानेवारी २०२४ मध्ये गेम आला आणि तेच लोक गप्प होऊन खेळू लागले. समीक्षकांनी तर डोक्यावर घेतला. फारसी संवादांची सोय असलेला, इराणी पुराणकथांचा नीट विचार केलेला हा गेम. कौतुक झालं तेवढा खपला नाही. त्याच वर्षी त्याचा चमू मोडून माणसं दुसऱ्या कामांवर पाठवल्याचं जाहीर झालं. शिव्यांनी पुण्याचं काम गेलं हे एक वेळ समजू शकतो. पण कौतुकाने माँपेलिएचं काम वाचलं नाही. त्यानंतर चाहत्यांच्या आवाजाला किती वजन आहे याबद्दल मी सावधपणे बोलू लागलो आहे.

आवाज चालतो, पण बहुधा पैशाच्या प्रश्नावर. २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’मध्ये गेम विकत घेऊनही आवडतं पात्र मिळवायला पुन्हा पैसे किंवा बेसुमार तास ओतावे लागणार, हे कळल्यावर लोकांनी ईए कंपनीच्या एका खुलाशाला सहा लाखांहून जास्त नापसंतीची मतं दिली. प्रकाशनाच्या तोंडावर कंपनीने ती पैशांची वसुली थांबवली. बेल्जियमने पुढच्या वर्षी गेममधल्या पैसे भरून काढायच्या सोडती जुगारात जमा केल्या. युबीसॉफ्टच्याच ‘द क्रू’ या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले, विकत घेतलेला गेम लोकांच्या कपाटात मेला, आणि त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. इथे चाहत्यांना कुणाच्या चेहऱ्याकडे पाहावं लागलं नाही. करार हातात होता, पावती हातात होती, आणि ते थेट कंपनीशी भांडले.

जानेवारी २०२६ मध्ये युबीसॉफ्टने मोठी फेररचना जाहीर केली. सहा गेम रद्द, सात पुढे ढकलले. रद्द झालेल्यांत ‘सँड्स ऑफ टाइम’चा रिमेक होता. पुण्याची तारीख जाऊन पाच वर्षं झाली होती आणि गेम माँट्रियलला जाऊन साडेतीन वर्षांवर. मूळ गेम जिथे जन्मला तो स्टुडिओ, जास्तीचा वेळ, नवा आराखडा, सगळं असूनही काम कंपनीला हव्या त्या दर्जाला पोचलं नाही, असं सांगण्यात आलं. त्या आठवड्यात मी चर्चा बऱ्याच वाचल्या. राग होता, तो मुख्यतः गिलेमो घराण्यावर, भागधारकांवर, कंपनीच्या कर्जावर आणि फसलेल्या धोरणांवर. बहुतेक मुद्दे बरोबर होते. २०२० मध्येही तेच बरोबर ठरले असते. फक्त, कॅनडाच्या लोकांकडे हे काम द्यायलाच नको होतं, असं म्हणणारा एकही जण मला त्यात भेटला नाही.